घड डोळ्यात असताना : नाशिक–दिंडोरी–वणी–सप्तशृंगगड, शरदातला एक सायकलदिवस

बारीवरचा (धागाकर्ता)

नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात सायकल घेऊन यायचे असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत या, तेव्हा बागा घडांनी लगडलेल्या असतात, असे बहुतेक जण सांगतात. मी मात्र गेली सहा वर्षे हा रस्ता कोजागिरी आणि दिवाळी यांच्यामधल्या एखाद्या रविवारी करतो, आणि दर वर्षी मला अधिकच पटत जाते की द्राक्षाचा मुलूख समजून घ्यायचा तर तो छाटणीच्या दिवसांतच पाहावा. त्या दिवसांत वेलीवर एकही घड दिसत नाही. तरी वर्षाचे सगळे पीक तिथेच, काडीवरच्या डोळ्यात, म्हणजे जिथून अंकुर फुटतो त्या फुगवट्यात दडलेले असते, आणि ते किती येणार याचा निकाल बऱ्याच अंशी त्याच दोन-तीन आठवड्यांत लागतो.

मार्ग साधाच आहे. पंचवटीतून म्हसरूळ, दिंडोरी, वणी, नांदुरी आणि तिथून घाटाने गड. परतीचा रस्ताही तोच. जाऊन-येऊन 130 ते 140 किलोमीटर होतात. सूर्योदय साडेसहाच्या सुमारास होतो आणि सहा वाजून गेल्यावर लगेच मावळायला लागते, म्हणून मी पहाटे सव्वापाचला पुढचा-मागचा दिवा लावून निघतो. म्हसरूळची चामरलेणी अंधारातच मागे पडतात आणि उजाडता उजाडता डाव्या हाताला रामशेज दिसू लागतो. 1682 पासून पाच वर्षांहून अधिक काळ मोगली फौजेला दाद न देणारा हा किल्ला आकाराने फार मोठा नाही. आजूबाजूच्या सपाटीवरून सायकल चालवताना त्याच्याकडे पाहिले की वेढा घालणाऱ्यांना तो रोज किती जवळ दिसत असेल, हा विचार माझ्या मनात हटकून येतो.

दिंडोरीपर्यंतचा रस्ता चढ-उतारांचा आहे, पण पायांना जड जात नाही. दिंडोरी ओलांडली की खरा द्राक्षपट्टा सुरू होतो. वाघाड, करंजवण, पालखेड आणि ओझरखेड या धरणांचे पाणी या तालुक्याला लाभले आहे. पश्चिमेला पेठ-सुरगाण्याकडे कोसळणारा पाऊस इथवर येताना बराच ओसरलेला असतो, त्यामुळे द्राक्षाला लागते ती कोरडी हवा आणि हाताशी पाणी या दोन्ही गोष्टी इथे एकत्र मिळतात. सायकलवरून जाताना खायच्या द्राक्षाची आणि वाइनच्या द्राक्षाची बाग वेगळी ओळखता येते. खायच्या द्राक्षाचा वेल डोक्याच्या उंचीवर मांडवावर किंवा इंग्रजी वाय अक्षरासारख्या लोखंडी अँगलवर पसरलेला असतो. शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ, शिराझ, कॅबर्ने अशा वाइनच्या जाती मात्र बहुधा बुटक्या ओळींत, उभ्या तारांवर चढवलेल्या असतात आणि दोन ओळींच्या मधून पलीकडचा डोंगर दिसतो.

यंदा दिंडोरीच्या पुढे एका बांधापाशी बाटली भरायला थांबलो. बागेत सहा-सात बाया आणि दोन पुरुष कामाला होते. पानगळ आधीच झालेली असल्यामुळे सगळा मांडव उघडाबोडका होता आणि त्यात फक्त कात्र्यांचा कट-कट आवाज भरून राहिला होता. पुढची फळी काड्या छाटत होती. मागून एक बाई हातमोजे घालून, एका डब्यात बुडवलेला कापडाचा बोळा प्रत्येक काडीच्या शेवटच्या डोळ्यांवर फिरवत येत होती, आणि तिने स्पर्श केलेला प्रत्येक डोळा गडद गुलाबी होत होता. मी काडीला हात लावायला गेलो तेव्हा ती घाईने म्हणाली, "दादा, हात नका लावू, औषध ओलं आहे." मग मालकांनी एक छाटलेली काडी उचलून मला दाखवली. पेरावरचा तो फुगीर डोळा हरभऱ्याच्या दाण्याहूनही लहान होता. "घड आतच आहे यात," ते म्हणाले, "उन्हाळ्यातच तयार झालाय. आम्ही आता फक्त त्याला उठवतोय." पुढचे सगळे किलोमीटर मी त्या एका वाक्यावर चालवले.

वणीच्या अलीकडे ओझरखेड धरणाच्या पाण्यावर सकाळचे धुके असते. वणीत चहा आणि पोहे घ्यावेत, कारण पुढे पोटाला लागते. अनेक जण सप्तशृंगीला 'वणीची देवी' म्हणतात, पण वणी गावात जगदंबेचे स्वतंत्र मंदिर आहे आणि गड पलीकडे कळवण तालुक्यात आहे. मध्ये सातमाळेची रांग आडवी येते. ही रांग ओलांडताना खिंडीत दोन मिनिटे तरी उभे राहावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. मागे पडलेले पाणी कादवेतून गोदावरीला आणि तिथून बंगालच्या उपसागराला जाते. पुढचे पाणी गिरणेतून तापीला मिळून अरबी समुद्रात उतरते. सायकलवर हा पाणलोट पायांना कळतो, मोटारीत बसलेल्याला तो कळत नाही.

नांदुरी ते गड हा घाट 10 किलोमीटरचा आहे. मला या वेळी एक तास बारा मिनिटे लागली. चढ एकसारखा नाही. मधे थोडी उसंत मिळते आणि नंतर वळणांवर तो अंगावर येतो. पॅडलजवळचे दातेरी चाक 34 दातांचे आणि मागचा सर्वांत मोठा गिअर 32 दातांचा असेल तर गुडघ्यांवर अत्याचार होत नाहीत. वर पोहोचल्यावर दर्शनाला सुमारे 500 पायऱ्या आहेत, आणि 2018 पासून रुळांवरून चढणारी फनिक्युलर ट्रॉलीही आहे. मी पायऱ्या चढलो, पण सायकलचे बूट काढून साध्या चपला घालून. त्या चपला पिशवीत न्याव्यात, कारण बुटाच्या तळाची पट्टी दगडी पायरीवर घसरते. समोर मार्कंड्या उभा असतो. मार्कंडेय ऋषींचे पठण ऐकण्यासाठी देवीने मान किंचित कलती केली आहे अशी श्रद्धा आहे, आणि गाभाऱ्यातून बाहेर येऊन त्या डोंगराकडे पाहिले की त्या श्रद्धेला हा सगळा भूगोल कसा जोडलेला आहे ते समजते.

आता उतरणीविषयी, कारण माझी चूक इतरांच्या कामी यावी. माझ्या सायकलला रिमवर दाबणारे ब्रेक आहेत. उतरताना पुढे एक बस होती आणि तिच्या मागे राहण्यासाठी मी बराच वेळ ब्रेक सतत दाबून ठेवला. घाट संपत आला असताना एका डाव्या वळणावर मागचे चाक एकदम बसले. सुदैवाने वेग कमी होता आणि मी कडेच्या कठड्यापाशी थांबू शकलो. रिमला बोट लावले तर चटका बसला. ट्यूब बाहेर काढल्यावर दिसले की महिनाभरापूर्वी एका दुकानात लावून घेतलेले ठिगळ उष्णतेने सुटून कडेने उचलले गेले होते. ठिगळ लावलेली ट्यूब घेऊन मी आता घाटात जात नाही. घाटाच्या दिवशी दोन्ही चाकांत अखंड ट्यूब असते आणि पिशवीत आणखी दोन. ब्रेक दाबून, सोडून, पुन्हा दाबून उतरावे, आणि पुढे बस असेल तर कडेला थांबून तिला जाऊ द्यावे.

परतताना ऊन तापते. ऑक्टोबरमध्ये दुपारचे तापमान 32-33 अंशांपर्यंत जाते आणि रस्त्यावर टोमॅटोच्या क्रेट भरलेल्या पिकअप गाड्या वेगाने धावत असतात. म्हणून बारा ते तीन वणीत किंवा एखाद्या झाडाखाली काढून मी तीननंतर निघतो आणि उजेड असतानाच घरी येतो.

कोणाला या वर्षी जायचे असेल तर अवश्य विचारा.


रानवाट

लेख मनापासून आवडला. तरीही फेब्रुवारीची बाजू मांडतो. मी दोनदा फेब्रुवारीत गेलो. सकाळी हवेत चांगला गारवा असतो, दिवस मोठा होत चाललेला असतो, आणि वाइनरीत काढणी चालू असल्याने द्राक्षे क्रेटमधून उतरवणे, देठ वेगळे करणे, रस काढणे हे सगळे डोळ्यांनी पाहता येते. नवख्या माणसाला वाइनचा मुलूख दाखवायचा असेल तर उघडे मांडव दाखवून त्याला काय समजणार?


बारीवरचा

वाइनरीतले काम पाहायचे असेल तर फेब्रुवारीच योग्य, यात वाद नाही. मात्र तेव्हा वाइनरींकडे जाणाऱ्या रस्त्यांवर, विशेषतः गंगापूर-सावरगाव भागात, शनिवार-रविवारी मोटारींची एवढी गर्दी असते की सायकल चालवण्याचा आनंद उरत नाही. आणि पावसाळ्यानंतरचा सातमाळा फेब्रुवारीत मिळत नाही. ऑक्टोबरमध्ये उतारांवरचे गवत नुकतेच पिवळे पडू लागलेले असते, ओढ्यांत पाणी असते, हवा धुतलेली असते. खिंडीतून धोडप किल्ल्याचा माथा जितका स्वच्छ दिसतो तितका तो नंतर धुरकट हवेत दिसत नाही.


काडीतपासणी

मी दिंडोरी तालुक्यातला बागाईतदार आहे. सायकलवाल्यांना आम्ही रोज पाहतो, पण त्यांच्यापैकी कोणी छाटणीवर एवढे लिहिले हे पाहून बरे वाटले. दोन-तीन गोष्टींची भर घालतो.

आपल्याकडे वेलीला थंडीची झोप मिळत नाही, म्हणून ती वर्षातून दोनदा छाटावी लागते. एप्रिलमधली ती खरड छाटणी. तिच्यातून नवी काडी तयार होते आणि त्या काडीच्या डोळ्यांत सूक्ष्म घड धरतात. ऑक्टोबरमधली ती गोडी छाटणी. तिच्यातून फळ येते. आता कात्री कोणत्या डोळ्यावर चालवायची हे अंदाजाने ठरवत नाहीत. छाटणीपूर्वी आम्ही बागेतल्या काही काड्या प्रयोगशाळेत नेतो, तिथे सूक्ष्मदर्शकाखाली डोळे कापून पाहतात आणि कितव्या डोळ्यात चांगला घड आहे ते सांगतात. एक डोळा अलीकडे छाटले तर काही वेळा हिरवे फुटवेच मिळतात, घड मिळत नाही. त्यामुळे ज्या मालकांनी "घड आतच आहे" म्हणून सांगितले, ते अक्षरशः खरे बोलत होते.

गुलाबी पेस्ट म्हणजे हायड्रोजन सायनामाइड. त्यात रंग मिसळतात, म्हणजे कोणता डोळा राहिला ते समजते. त्याने सगळे डोळे एकसारखे फुटतात. ते अंगाला लागू देऊ नये. आणखी एक महत्त्वाची गोष्ट : हे औषध हाताळणाऱ्याने त्या दिवशी आणि त्याच्या मागेपुढे मद्य घ्यायचे नसते, कारण दोन्ही एकत्र आले की चेहरा लाल होणे, धाप लागणे, छातीत धडधडणे असा त्रास होतो. ओल्या काड्या हाताळून लगेच वाइन चाखायला जाणाऱ्या पाहुण्यांनी हे लक्षात ठेवावे.

एक विनंतीही करतो. छाटणीनंतर आठ-दहा दिवसांनी पोंगे, म्हणजे कोवळे अंकुर फुटतात. तिथपासून फुलोऱ्यापर्यंत पाऊस किंवा दव आले की डावणी हा बुरशीचा रोग बागेत शिरतो आणि घड जिरतो किंवा कुजतो. म्हणून आम्ही भल्या पहाटे ट्रॅक्टरचा ब्लोअर, म्हणजे औषध फवारायचे यंत्र चालवतो. रस्त्याकडेच्या बागेतून पांढरा फवारा उडताना दिसला तर कृपया दोन मिनिटे वाऱ्याच्या वरच्या अंगाला थांबा. ट्रॅक्टरवाल्याला सायकल दिसत नाही आणि ब्लोअरच्या आवाजात तुमची घंटाही ऐकू जात नाही.


बारीवरचा

काडीतपासणी, आपले आभार. ब्लोअरचा अनुभव मला दोन वर्षांपूर्वी आला होता. डोळे चुरचुरले आणि पुढचा तासभर त्रास झाला. तेव्हापासून मी साधा पारदर्शक चश्मा पहाटेही लावतो.


नदीकाठची

मी पुण्याहून येऊन हा मार्ग करण्याचा विचार करते आहे. सोबत एक मैत्रीण असेल. आमचा आजवरचा सर्वांत मोठा पल्ला 90 किलोमीटरचा आहे आणि सिंहगडाचा घाट आम्ही दोनदा चढलो आहोत. 135 किलोमीटर एका दिवसात झेपतील का? शिवाय बायकांच्या दृष्टीने वाटेत स्वच्छतागृहांची सोय कुठे आहे, हे कोणी सांगू शकेल का?


सायकलताई

मी नाशिकची आहे आणि हा रस्ता मी चार वेळा केला आहे. आपण सिंहगड चढला असाल तर नांदुरीचा घाट नक्की होईल. प्रश्न घाटाचा नसून घाटानंतर उन्हात करायच्या परतीचा आहे. पहिल्यांदा येत असाल तर मोटारीने वणीपर्यंत या आणि सायकल तिथून सुरू करा. जाऊन-येऊन साधारण 50 किलोमीटर होतील, सातमाळा ओलांडता येईल, पूर्ण घाट मिळेल, आणि दुपारी मोटारीतून दिंडोरीच्या बागा पाहत परत जाता येईल. संपूर्ण पल्ला पुढच्या वर्षी करा.

स्वच्छतागृहाचा प्रश्न विचारलात ते चांगले झाले, कारण हा विषय धाग्यांवर बहुधा येतच नाही. दिंडोरी आणि वणीच्या बसस्थानकांवर आणि पेट्रोलपंपांवर सोय आहे, पण पहाटे दाराला कुलूप असते आणि चावी मागावी लागते. गडावर भाविकांसाठी सोय आहे. नांदुरीपासून गडापर्यंत घाटात मात्र काहीही नाही, त्यामुळे नांदुरीतच थांबून घ्यावे. मी साबणाचा कागद आणि एक लहान बाटली वेगळी ठेवते. एकटीने जाण्यात मला कधी भीती वाटली नाही. यात्रेकरूंची सतत ये-जा असल्याने घाट निर्मनुष्य नसतो.

एक सावधगिरीची सूचना. नवरात्रात या घाटाकडे फिरकू नये. त्या दिवसांत खाजगी वाहने नांदुरीतच अडवतात, वर फक्त एसटी बस जातात, आणि पायी जाणाऱ्या भाविकांनी रस्ता भरलेला असतो. कोजागिरीलाही दूरदूरच्या नद्यांचे पाणी कावडीत घेऊन येणारे भक्त रात्रभर चालत असतात. तो रस्ता त्या रात्री त्यांचा असतो. कोजागिरीनंतर तीन-चार दिवस जाऊ द्यावेत, म्हणजे घाट झाडून-पुसून मोकळा होतो.


नेकारकाठ

मी गेली आठ वर्षे जर्मनीत स्टुटगार्टजवळ राहतो. इथे नेकार नदीच्या उतारांवर द्राक्षमळे आहेत आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काढणी असते, त्यामुळे इथल्या शरदातल्या सायकलफेऱ्या म्हणजे मळ्यांमधून पिवळी-तांबडी पाने, आंबूस वास आणि नुकत्याच आंबू लागलेल्या रसाचे पेले. इथली छाटणी हिवाळ्यात, एकदाच. वेल तेव्हा थंडीने खरोखर झोपलेला असतो. त्यामुळे इथे काढणी चालते त्याच ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे वेल जागवतात ही गोष्ट मला या धाग्यामुळे पहिल्यांदाच नीट समजली. माझे आजोळ निफाडचे आहे, मामांची बाग होती, आणि लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत गेलो की "बागेत जाऊ नको, पेस्ट चालू आहे" असे मामी ओरडायच्या. ती पेस्ट कशाची हे मी कधी विचारले नव्हते. या दिवाळीत येतो आहे. भाड्याने चांगली सायकल मिळाली तर हा मार्ग करीन.


रानवाट

एक उपप्रश्न. वाइन या सगळ्यात कुठे बसवायची? वाटेवर दिंडोरी परिसरात वाइनरी आहेत. दुपारच्या विश्रांतीत एखादा पेला घेतला तर काय हरकत आहे?


बारीवरचा

माझी हरकत आहे आणि ती मी स्पष्ट सांगतो. पाच तास सायकल चालवून अंगातले पाणी कमी झालेले असते, पोट रिकामे असते आणि पुढे भर उन्हात पिकअप गाड्यांच्या रस्त्यावरून 45 किलोमीटर जायचे असते. त्या अवस्थेत एक पेलाही तोल आणि अंदाज बिघडवायला पुरतो. दुपारी ताक, मीठ-साखरेचे पाणी, गूळ-शेंगदाणे आणि भात यांनीच भागवावे.

वाइनसाठी मी दुसरा दिवस राखून ठेवतो. रविवारी गड केला की सोमवारी संध्याकाळी घरी दिंडोरीच्या द्राक्षाची शेनिन ब्लाँची बाटली थंड करून उघडतो आणि जेवणाबरोबर घेतो. नाशिकमध्ये या व्यवसायाला जुना इतिहास नाही. सुला या वाइनरीची पहिली वाइन 2000 साली आली आणि राज्याचे वाइन धोरण 2001 साली. म्हणजे माझ्या वयाच्या माणसाने हा सगळा पट्टा डोळ्यांदेखत बदलताना पाहिला आहे. आदल्या दिवशी ज्या मातीवरून गेलो तिची वाइन दुसऱ्या दिवशी शांतपणे चाखण्यात मला जे समाधान मिळते, ते घाईघाईने वाटेत मिळणार नाही.

ज्यांना सायकल आणि वाइनरी एकाच दिवशी हवी असेल त्यांनी मखमलाबाद–दरी–मातोरी–मुंगसरे–गिरणारे असा छोटा फेरा करून गंगापूर धरणाच्या बाजूने परत यावे. हा रस्ता बागांमधूनच जातो, चढ बेताचे आहेत, दुपारपूर्वी घरी पोहोचता येते. सायकल घरी ठेवून, आंघोळ-जेवण करून, रिक्षाने वाइनरीत जावे.


नदीकाठची

सायकलताई, आपण सांगितल्याप्रमाणे वणीहून सुरुवात करायचे ठरवले आहे. बारीवरचा, आपण यंदा पुन्हा जाणार असाल तर आम्ही नांदुरीत भेटू शकू का?


बारीवरचा

जरूर भेटू. दिवाळीपूर्वीच्या रविवारी मी पहाटे सव्वापाचला पंचवटीतून निघतो आहे आणि साडेनऊपर्यंत नांदुरीत, घाटाच्या सुरुवातीला असेन. आपल्या दोघींच्या सायकलींना रिमचे ब्रेक असतील तर निघण्यापूर्वी पॅड तपासून घ्या. त्यांच्यावरच्या खाचा दिसेनाशा झाल्या असतील तर बदला. नेकारकाठ यांनाही शक्य असेल तर त्यांनी यावे. माझ्याकडे एक जादा सायकल आहे. बसायची उंची कळवली तर मी ती तयार ठेवतो.


काडीतपासणी

त्या आठवड्यात माझ्या बागेत शिराझची छाटणी चालू असेल. दिंडोरीकडून वणीला जाताना रस्त्याच्या उजव्या हाताला चिंचेचे मोठे झाड आहे, त्याखाली पाण्याचा माठ आणि स्टीलचा पेला ठेवलेला असतो. पाणी भरून घ्या. थांबायला वेळ असेल तर बांधावरून हाक मारा. कापलेला डोळा भिंगाखाली दाखवतो, त्यातला घड साध्या भिंगातूनही ओळखू येतो का ते तुम्हीच पाहा.